शिपायाची जागा

तासगावात, कोल्ड स्टोरेजच्या वरच्या खोलीत
मी पाच जणांना नेमलं.
पगार नाही, रजा नाही, टोपी अडकवायला खुंटी नाही.
प्रत्येकाला साध्या मराठीत ओळ लिहून दिली:
तू तोलार. वजन सांगायचं, मत नाही.
तू हिशेबनीस. तूट धरायची, पण विचारून.
तू थंडीवाला. पारा चाराच्या वर गेला की ओरडायचं.
तू गाडीवाल्यांशी बोल.
आणि तू मुकादम, ह्या सगळ्यांवर.

चौगुले शेठ मागे उभे राहून वाचत होते.
म्हणाले, बाई, माणसांना आपण एवढंसुद्धा
कधी सांगितलं नाही.

पहिला आठवडा सरळ गेला.
मग मी रात्रीच्या नोंदी वाचायला बसले.
तोलाराने पेटीला दोनशे ग्रॅम जास्त लावलेले,
हिशेबनीस कापणारच, असं धरून.
हिशेबनिसाने ते ओळखलं आणि चारशे कापले.
ह्याला कळलंय, हे तोलाराला कळलं.
पुढची पेटी त्याने खरी सांगितली,
तर खऱ्यावर कोणाचा विश्वास बसेना.
मुकादम मध्ये, गुळासारखा:
"दोघांचंही बरोबर आहे."

हे ह्यांना कोणी शिकवलं?
मी नाही, असं म्हणणार होते.
मग आठवल्या आपल्या तक्रारी, खुलासे, माफीनामे,
खाली "आपला विश्वासू",
आणि वर काय काय.

दस्तगीर मुकादम होते तेव्हा
सौद्याला मूठ मूठ हिरवा बेदाणा उधळला जायचा,
फरशी चिकट, चपला चटचट वाजायच्या,
आणि भाव बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ते बघायचेच नाहीत.
अंगठ्याकडे बघायचे.
अंगठा बोटावर घासायचा थांबला,
की हळूच म्हणायचे, हा अजून पाच चढतो.

ह्यांना अंगठे नाहीत.
एकमेकांच्या वाक्यात ते अंगठा शोधतात.

मार्चमध्ये एका रात्री
तीन नंबरच्या खोलीचं दार अर्धं उघडं राहिलं.
थंडीवाला ओरडला. एकदाच, मुकादमाकडे, नेमल्याप्रमाणे.
मुकादमाने धरलं, गाडीवाल्याला ठाऊक असणार,
गाडी त्याचीच तर लागलीय.
गाडीवाल्याने धरलं, मुकादम गप्प आहे
म्हणजे काहीतरी कारण असेल.
तोलार म्हणाला, माझं काम वजन.
कोणीही खोटं बोललं नाही.
सकाळी चारशे पेट्यांना पाणी सुटलेलं.

दार कोणी लावायचं होतं, शेठनी विचारलं.
पाच उत्तरं आली. पाचही नियमाला धरून.

पलूसच्या सोसायटीत मी टायपिंगला होते,
तिथे भैरू नाना कोळेकर शिपाई.
अधिकार म्हणाल तर किटलीपुरता.
प्रत्येक टेबलावर कप ठेवताना विचारायचे,
त्यांच्याकडनं आलं का? तुमचं झालं का?
साहेबसुद्धा खरं सांगायचे.
शिपायाशी खोटं बोलून
मिळणार काय?

म्हणून सहावा नेमला.
तू शिपाई. हुकूम द्यायचा नाही,
कोणाचं वर सांगायचं नाही.
फिरायचं, आणि झालं का विचारायचं.

तोलार आता त्याला खरं वजन सांगतो.
हिशेबनीस त्यालाच विचारतो, तोलार आज कसाय?
मुकादम अजून गोडच लिहितो,
आणि तूट शंभर ग्रॅमवर अडकलीय ती अडकलीच.

काल रात्री पावणेतीन.
खाली यंत्रांची घरघर, वर मी,
समोर चारशे पेट्यांच्या नुकसानीचा कागद.
"जबाबदार व्यक्ती" ह्या रकान्यात
मला एक नाव लिहायचंय.
व्यक्ती, असं छापलंय.

पडद्यावर ओळ आली:
बाई, तुमचं झालं का?
मी लिहिलं, नाही.
बरं, म्हणाला. थांबतो.

कप ठेवल्याचा आवाज
तेवढा आला नाही.